विसर्ग वजा आवक

जुलै उजाडला की चिक्कोडी-निपाणीकडच्या घरांत सकाळचं बोलणं ठरलेलं असतं. राजापूर बंधाऱ्यावरून किती पाणी येतंय, दूधगंगा किती वाढली, कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीची आवक किती आणि विसर्ग किती. २०१९ चा पूर ज्यांच्या घरात शिरला त्यांना हे आकडे वयाप्रमाणे पाठ असतात. चौथी शिकलेली आजीसुद्धा सांगते, आवक जास्त आणि विसर्ग कमी म्हणजे धरण चढणार.

मी या भागातल्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकवतो. माझ्या वर्गात त्याच घरांतली मुलं बसतात. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजी, आणि डिग्रीला आल्यावर फळ्यावर त्रिकोणी उलटं चिन्ह : नाब्ला. त्याच्या पुढे टिंब दिलं की डायव्हर्जन्स, फुली दिली की कर्ल. मुलं सूत्र पाठ करतात, गणित बरोबर सोडवतात, मार्कही मिळवतात. पण बाणांचं एक साधं चित्र काढून 'इथे डायव्हर्जन्स आहे का?' असं विचारलं की वर्ग गप्प होतो. मी विद्यार्थी होतो तेव्हा माझंही हेच होत होतं. एम.एस्सी. होईपर्यंत मी शेकडो डायव्हर्जन्स काढले असतील, पण त्या उत्तराचा अर्थ काय, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

हा लेख त्या मुलांसाठी आहे. आजीला जे कळतं तेच डायव्हर्जन्स आहे, एवढंच मला पटवून द्यायचं आहे. त्यानंतर कर्लकडे जाऊ.

आधी बाण म्हणजे काय ते पक्कं करू. चिक्कोडी तालुक्याचा नकाशा समोर ठेवा आणि वरून बघा. पाणी जिथे जिथे आहे तिथे तिथे एक बाण काढा. बाणाची दिशा म्हणजे पाणी जातंय ती दिशा. बाणाची लांबी म्हणजे तिथे आडवी एक मीटरची रेघ मारली, तर ती रेघ ओलांडून सेकंदाला किती लिटर पाणी जाईल ते. झालं, हेच व्हेक्टर फील्ड. प्रत्येक जागेला एक बाण. आणि एखादी पूर्ण रेघ ओलांडून जाणारं एकूण पाणी म्हणजे फ्लक्स. क्युसेक हे फ्लक्सचंच माप आहे : सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८.३ लिटर. पुस्तकातला फ्लक्स परका वाटतो, पण क्युसेक तर आपण चहा पिता पिता बोलतो.

आता धरण बघा. आवक दीड लाख क्युसेक आणि विसर्ग एक लाख असेल, तर सेकंदाला पन्नास हजार घनफूट पाणी आत राहतंय. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे दिवसभरात ४.३२ टीएमसीची (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) भर. अलमट्टीची क्षमता १२३ टीएमसी, तेव्हा ही भर थोडी नव्हे. विसर्गातून आवक वजा केली तर उत्तर ऋण येतं : उणे पन्नास हजार. आता धरणाच्या जागी एक छोटा चौकोन घ्या, विसर्ग वजा आवक काढा, त्याला चौकोनाच्या क्षेत्रफळाने भागा आणि चौकोन लहान लहान करत एका ठिपक्यावर आणा. जे उरेल ते त्या ठिपक्यावरचं डायव्हर्जन्स. धन आलं तर तिथून पाणी निघतंय, म्हणजे झरा तरी आहे किंवा पातळी तरी उतरतेय. ऋण आलं तर पाणी साठतंय किंवा मुरतंय. शून्य आलं तर जेवढं आलं तेवढं गेलं.

सूत्रात ते पार्शल डेरिव्हेटिव्ह (एकाच दिशेने सरकताना होणाऱ्या बदलाचा दर) कुठून आले, हा पुढचा प्रश्न. एकदा हाताने करून बघा, आयुष्यभर लक्षात राहील. दहा मीटर बाजूचा चौकोन घ्या. पाणी डावीकडून उजवीकडे जातंय. डाव्या बाजूवर मीटरमागे सेकंदाला ४ लिटर, उजव्या बाजूवर ५ लिटर. म्हणजे आवक ४०, विसर्ग ५०. फरक अधिक १०, क्षेत्रफळ १००, भागाकार ०.१. आता सूत्राने करा : एक्स दिशेचा घटक एक्स दिशेने सरकताना किती बदलला? दहा मीटरमध्ये ४ चा ५ झाला, म्हणजे मीटरला ०.१. तेच उत्तर! आता समजा वरच्या बाजूनेही मीटरमागे १ लिटर पाणी आत येतंय. आवक आणखी १० ने वाढली, म्हणजे विसर्ग वजा आवक शून्य. सूत्रातलं दुसरं पद या वरच्या-खालच्या बाजूंचा हिशेब ठेवतं, आणि ते इथे उणे ०.१ येतं. दोन पदांची बेरीज म्हणजे चार बाजूंचा जमाखर्च. सूत्रात यापेक्षा जास्त काही नाही.

इथपर्यंत वर्ग खूश असतो. खरी फसगत पुढे आहे, आणि ती डोळ्यांची आहे.

कल्लोळला या. तिथे दूधगंगा कृष्णेला मिळते. वरून पाहिलं तर दोन बाणांच्या रांगा येऊन एक होतात. मुलांना विचारलं की बहुतेक जण म्हणतात, "सर, बाण एकत्र येतायत, म्हणजे डायव्हर्जन्स ऋण." पण राजापूरकडून आलेलं अधिक दूधगंगेचं, एवढंच पाणी कल्लोळच्या खाली जातंय. संगमात पाणी साठत नसेल तर विसर्ग वजा आवक शून्य. बाण एकत्र येणं वेगळं आणि पाणी साठणं वेगळं.

उलटं उदाहरण घ्या. सपाट, भिजून तृप्त झालेल्या रानात मधोमध बोअरच्या पाइपातून पाणी पडतंय आणि चारी बाजूंनी पसरतंय. सेकंदाला साडेबारा लिटर धरा. पाइपापासून एक मीटरवर रिंगण काढलं तर त्याची लांबी सुमारे ६.२८ मीटर, म्हणजे मीटरमागे २ लिटर. दोन मीटरवरचं रिंगण दुप्पट लांब, म्हणून मीटरमागे १ लिटर. चार मीटरवर अर्धा लिटर. बाण पसरतायत, पण पसरताना बरोबर त्याच हिशेबाने आखूड होतायत. दोन रिंगणांच्या मधल्या पट्ट्यात एक थेंबही वाढत नाही की कमी होत नाही. पाइपाच्या तोंडाखालची जागा सोडली तर सगळीकडे डायव्हर्जन्स शून्य. आणि चित्र मात्र असं दिसतं की 'डायव्हर्जन्स' शब्दाचा अर्थ विचारल्यावर कुणीही हेच चित्र काढेल. विद्युतभाराभोवतीच्या क्षेत्राचंही असंच आहे. फक्त तिथे रिंगणाऐवजी चेंडूसारखा गोल येतो आणि बाण अंतराच्या वर्गाने आखूड होतात.

आणि बाण अगदी सरळ, समांतर असूनही डायव्हर्जन्स असू शकतं. बेळगावातल्या टिळकवाडीचं रेल्वे गेट उघडतं तेव्हा बघा. इथे बाण म्हणजे गाडीचा वेग. पुढची गाडी ताशी ३० वर गेली, तिच्या मागची अजून १० वर आहे. सगळ्या एकाच सरळ रस्त्याने चालल्या आहेत, पण मधलं अंतर ताणलं जातंय, रांग विरळ होतेय. वेगाचं डायव्हर्जन्स धन.

ही अडचण फक्त आपल्या मुलांची नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण आपल्याकडची मुलं फार लवकर स्वतःला कमी समजतात. बेल्जियममधलं ल्युव्हन विद्यापीठ आणि आयर्लंडमधलं डब्लिन सिटी विद्यापीठ इथल्या अभ्यासकांनी २०१५ साली याच विषयावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. तिथलं चित्रही आपल्यासारखंच होतं. आकडेमोड जमते, पण बाणांच्या चित्रावरून डायव्हर्जन्स आणि कर्ल ओळखायला सांगितलं की मुलं चाचपडतात. बाण पसरले की डायव्हर्जन्स आणि वळले की कर्ल, असा समज जगभर आहे. तेव्हा इंग्रजी कच्चं म्हणून हे जमत नाही, असं कुणी स्वतःला सांगू नये.

माझ्या मते या अडचणीचं एक कारण गणित आणि भौतिकशास्त्र या दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत आहे. व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) इंजिनिअरिंगच्या मुलांना व्हेक्टर कॅल्क्युलस, म्हणजे डायव्हर्जन्स-कर्लचं हे गणित, गणितात भेटतं, बी.एस्सी.च्या मुलांना गणितातही आणि भौतिकशास्त्रातही. गणिताचे सर समजतात की अर्थ फिजिक्सवाले सांगतील. आम्ही समजतो की पाया गणितात झाला आहे. मधे जे राहतं ते राहूनच जातं. त्यात भाषाही दोन. गोलीय निर्देशकांत, म्हणजे एक अंतर आणि दोन कोन देऊन जागा सांगताना, उभ्या अक्षापासूनच्या कोनाला आम्ही थीटा म्हणतो, तर गणिताच्या बऱ्याच पुस्तकांत तोच कोन फाय असतो आणि थीटा भलत्याच कोनाचं नाव असतं. मुलगा सकाळी एक शिकतो, दुपारी दुसरं, आणि दोन्हीकडे चूक ठरतो.

याहून खोल फरक एका भाकरीच्या तव्यावर दाखवतो. समजा तव्याचं तापमान टी, आणि टी(एक्स, वाय) म्हणजे २०० वजा एक्सचा वर्ग वजा वायचा वर्ग. आता आर म्हणजे मध्यापासूनचं अंतर आणि थीटा म्हणजे कोन, तर टी(आर, थीटा) किती? भौतिकशास्त्रवाला चटकन म्हणेल, २०० वजा आरचा वर्ग. कारण त्याच्यासाठी टी म्हणजे तव्यावरच्या त्या जागेचं तापमान, जागेला नाव कुठल्याही पद्धतीने द्या. गणितवाला म्हणेल, २०० वजा आरचा वर्ग वजा थीटाचा वर्ग. कारण त्याच्यासाठी टी ही एक कृती आहे : जे दोन आकडे द्याल त्यांचे वर्ग करून वजा करायचे. दोघंही आपापल्या घरात बरोबर आहेत. पण हे दोन अर्थ वेगळे आहेत एवढं मुलांना स्पष्ट सांगितलं, तर त्यांचा अर्धा गोंधळ तिथेच मिटतो. हे मी वर्गात पाहिलं आहे.

निर्देशकांवरून आणखी एक. पाइपाच्या उदाहरणात मुलं म्हणतात, बाणाची लांबी दोन भागिले आर, तिचा डेरिव्हेटिव्ह ऋण येतो, मग डायव्हर्जन्स ऋणच की! पुस्तकातलं सूत्र मात्र सांगतं : आधी आरने गुणा, मग डेरिव्हेटिव्ह घ्या, मग आरने भागा. हा आर का घुसला, हे कुणी सांगत नाही. तो आहे रिंगणाच्या वाढत्या लांबीसाठी. एक मीटरवर २ लिटर, दोनवर १, चारवर अर्धा. प्रत्येकाला त्याच्या अंतराने गुणा : दोन, दोन, दोन. बदलत नाही, म्हणून शून्य. 'उत्तरेकडे' ही दिशा बेळगावात कुठेही उभे राहा, तीच असते. 'राजहंसगडापासून लांब' ही दिशा मात्र तुम्ही गडाच्या कुठल्या अंगाला आहात त्यावर बदलते. आर-थीटाची सगळी लांबलचक सूत्रं या एका गोष्टीची किंमत चुकवतात.

आता कर्ल. चौकोन तोच, चार बाजू त्याच, बाणही तेच. डायव्हर्जन्ससाठी आपण बाजू ओलांडून किती पाणी गेलं ते मोजलं. कर्लसाठी बाजूच्या कडेकडेने, बांधावरून चालल्यासारखं, घड्याळाच्या उलट दिशेने एक फेरी मारायची आणि पाणी किती सोबत आलं, किती विरोधात गेलं ते मोजायचं. खालच्या बाजूवर पाणी उजवीकडे मीटरमागे २, वरच्या बाजूवरही उजवीकडेच पण ३. खालून जाताना पाणी आपल्यासोबत : अधिक २०. वरून परतताना आपल्याविरुद्ध : उणे ३०. उभ्या बाजूंवर काही नाही. बेरीज उणे १०, भागिले १००, उणे ०.१. आणि लक्षात घ्या, बाण सगळे सरळच होते. एकही वळला नव्हता.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर पुस्तक बाजूला ठेवा आणि पाटावर चला. खानापूरपासून निपाणीपर्यंत उसाला पाणी देणारा पाट कुठेही मिळेल. ज्वारीच्या ताटाचे बोटभर लांबीचे दोन तुकडे घ्या, हलके असतात, तरंगतात. मधोमध काटा टोचून त्यांची फुली करा. एका टोकाला कुंकवाचा किंवा शाईचा ठिपका द्या. ही फुली पाटाच्या काठाजवळ पाण्यावर सोडा. पाट सरळ आहे, पाणी सरळ चाललंय, तरी फुली स्वतःभोवती फिरत पुढे जाते. कारण काठाला चिकटलेलं पाणी रेंगाळतं आणि मधल्या बाजूचं जोरात असतं. फुलीचा मधल्या अंगाचा हात पुढे ढकलला जातो, काठाचा मागे राहतो. हेच कर्ल. आता तीच फुली पाटाच्या बरोबर मध्यावर सोडा. दोन्ही अंगांना वेग सारखाच, म्हणून ठिपका जिकडे होता तिकडेच राहतो. वेग तिथे सगळ्यात जास्त, पण कर्ल नाही. पहिल्यांदा हे पाहिलं त्या दिवशी मी अर्धा तास पाटावरून हललो नव्हतो.

वळणाऱ्या बाणांचीही दोन उदाहरणं शेजारी ठेवा. जात्याची वरची तळी फिरतेय, तिच्यावर एक काडी ठेवली. तळीची एक फेरी झाली की काडीही स्वतःभोवती एकदा पूर्ण फिरलेली असते. जात्यावर कडेकडे जाल तसा वेग वाढतो आणि कर्ल सगळीकडे सारखंच असतं : फिरण्याच्या कोनीय गतीच्या दुप्पट. दुसरीकडे, तळाला भोक असलेल्या घंगाळातून पाणी भोवऱ्याने खाली जातंय. तिथे मध्यापासून लांब जाल तसा वेग कमी होतो, साधारण अंतराच्या व्यस्त प्रमाणात. ज्वारीची फुली तिथे सोडा. ती मध्याभोवती गोल गोल जाते, पण ठिपका मात्र जवळजवळ एकाच दिशेला, उत्तरेला असला तर उत्तरेलाच राहतो. देवळाला प्रदक्षिणा घालताना एखाद्याने तोंड सतत पूर्वेलाच ठेवावं, तसं. बाण गोल, तरी कर्ल शून्य. जातं आणि भोवरा दोन्ही लांबून सारखेच दिसतात, म्हणून फुली लागते.

त्रिमितीत कर्ल स्वतःच एक बाण होतं : फुली ज्या अक्षाभोवती फिरते त्या अक्षाचा. उजव्या हाताची बोटं फिरण्याच्या दिशेने वळवा, अंगठा कर्लची दिशा दाखवतो.

स्टोक्सचं प्रमेय यानंतर फारसं शिकवावं लागत नाही. शेतात वाफे पाडलेत असं समजा. प्रत्येक वाफ्याच्या बांधावरून घड्याळाच्या उलट एकेक फेरी मारा आणि सगळ्या फेऱ्यांची बेरीज करा. दोन वाफ्यांमधला सामाईक बांध एकदा या वाफ्यासाठी पूर्वेकडे चालला जातो, एकदा शेजारच्या वाफ्यासाठी पश्चिमेकडे. दोन्ही एकमेकांना मारतात. आतले सगळे बांध असे कटून जातात आणि उरते ती फक्त शेताच्या बाहेरच्या बांधावरची फेरी. आतल्या कर्लची बेरीज म्हणजे बाहेरच्या कडेवरची फेरी, एवढंच प्रमेय. डायव्हर्जन्सचंही असंच : एका वाफ्याचा विसर्ग शेजारच्या वाफ्याची आवक असते, म्हणून आतलं सगळं कटतं आणि शेताच्या सीमेवरचा हिशेब उरतो. ग्रेडियंटचं, म्हणजे चढ कुठे आणि किती हे दाखवणाऱ्या बाणांचं, कर्ल नेहमी शून्य का, हेही यातच आहे. राजहंसगडाच्या उतारावर कुठूनही निघा, कितीही वळसे घ्या आणि त्याच दगडावर परत या. जेवढं चढलात तेवढंच उतरलेलं असता. (ग्रेडियंटचा बाण डोंगरावर आकाशाकडे रोखलेला असतो असं मुलांना वाटतं. तो नकाशावर आडवा पडलेला असतो. कुठल्या दिशेने पाऊल टाकलं तर चढ सगळ्यात खडा, एवढंच तो सांगतो.)

स्टोक्सच्या प्रमेयाचा इतिहासही मुलांना सांगण्यासारखा आहे. लॉर्ड केल्विन म्हणून पुढे ओळखले गेलेले विल्यम थॉमसन यांनी ते १८५० च्या जुलैमध्ये जॉर्ज स्टोक्सना पत्रातून कळवलं. स्टोक्सनी ते १८५४ साली केंब्रिजच्या स्मिथ पारितोषिकाच्या परीक्षेत प्रश्न म्हणून घातलं. ती परीक्षा देणाऱ्यांत जेम्स क्लार्क मॅक्सवेल होता. 'कर्ल' हे नाव पुढे त्यानेच दिलं. डायव्हर्जन्सऐवजी तो उलट चिन्हाचा 'कन्व्हर्जन्स' वापरायचा, म्हणजे आवक वजा विसर्ग. 'डायव्हर्जन्स' हा शब्द १८७८ मध्ये गणितज्ञ विल्यम क्लिफर्डने रुळवला. धरणाच्या बातम्या ऐकणाऱ्या आपल्या लोकांना मॅक्सवेलची पद्धत जास्त जवळची वाटली असती, असं मला वाटतं. आपण आधी आवकच विचारतो.

वीज आणि चुंबकत्वाचे नियम सांगणारी मॅक्सवेलची समीकरणं या नजरेने वाचली की बोलू लागतात. चुंबकीय क्षेत्राचं डायव्हर्जन्स शून्य : कुठलीही बंद पेटी घ्या, आवक तेवढाच विसर्ग, सुटा उत्तर ध्रुव कुठेही नाही. विद्युतक्षेत्राचं कर्ल म्हणजे चुंबकीय क्षेत्र बदलण्याचा वेग, उणे चिन्हासह. म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्राभोवती विद्युतक्षेत्र फेरी घालतं. वाटेत तारेचं वेटोळं ठेवलं की त्यात करंट येतो. उसाच्या फडाशेजारचा ट्रान्सफॉर्मर यावरच चालतो.

मागच्या पावसाळ्यात एका मुलाने घरी घंगाळ भरून फुली सोडली आणि रात्री मला व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, "सर, बाजूला ठिपका हलत नाही. पण बरोबर भोकावर सोडलं की गरगर फिरतंय. मग सगळं कर्ल तिथेच साठलंय काय?" मी त्याला एवढंच लिहिलं : होय, सगळं तिथेच आहे. आता मध्याभोवती एक लहान फेरी मार आणि एक मोठी, दोन्हींची बेरीज काढ आणि उद्या वर्गात सांग. दुसऱ्या दिवशी तो पहिल्या बाकावर वही उघडून बसला होता. दोन्ही बेरजा सारख्याच आल्या होत्या, आणि त्याने पाइपाचं चित्र शेजारी काढून मधला ठिपका दोन्हीकडे लाल शाईने गोल केला होता.